मागाच्या लाकडाचा डब्बा

वेणू, परवा तुही तेरवी झाली. बुंदी कडक होती. आचारी म्हणाला, पाक जरा जास्त झाला. तू असती तर त्याले झाऱ्यासकट हाकलला असता. माणसं मात्र भरपूर आली. उमरेडकडची आली, कुहीकडची आली. ज्यांच्या विहिरीवरचे इंजिन मी दुरुस्त केले ते म्हातारे काठी टेकत आले. जेवणं झाल्यावर त्यातला एक जण उठून उभा राहिला अन् तुह्यावर दोन शब्द बोलला. "बाई नशीबवान. मिस्त्रीनं आपल्या हातानं डब्बा बनवला अन् बायकोले त्यात बसवून सारा मुलूख दाखवला." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

ती मान मी काहून हलवली, तेच दोन दिवस डोक्यात फिरून राहिलं आहे. म्हणून लिहायले बसलो. शाळेत चार वर्ग शिकलो, जोडाक्षर अजूनही फसते. सून म्हणाली, बाबा, मी शुद्ध करून देते. म्हटलं, मंदा, हात लावू नको, मी बोलतो तसंच लिहीन. हे कागद मले गावागावात वाचून दाखवायचे आहेत, म्हणून तुले माहीत आहे तेही लिहून राहिलो. कंटाळू नको.

पहिला डब्बा माहा एकट्याचा होता, हे खरं. तो कसा होता हेही सांगतो. दिवाळी झाली की विहिरीवरचे इंजिन सुरू होत, अन् सुरू झाले की बिघडत. चैत्रापर्यंत मी जीप घेऊन गावोगाव फिरायचो. हत्यारं मागच्या ट्रेलरात, अन् मी निजायले देवळात नाही तर कोणाच्या ओट्यावर. एका वर्षी तू म्हणाली, "मीही येते." म्हटलं, "राहशील कुठं वं?" तू म्हणाली, "तुमच्या ट्रेलरात." मी हसलो. तू नाही हसली.

ट्रेलर कामठीच्या मिलिटरी लिलावातला. जीपच्या मागे ओढायचा, दोन चाकांचा, वरतून उघडा. त्यावर मी अँगलचा सांगाडा वेल्डिंग केला, चारी बाजूनं पत्रा ठोकला, वरतून पत्रा, खाली खोक्याच्या फळ्या. झालं घर. लोक त्याले डब्बा म्हणत, अन् तो डब्बाच होता. दार मी उजवीकडे ठेवलं, कारण जीपमधून मी उजवीकडे उतरतो, मले जवळ. उमरेड रोडवर तू पहिल्यांदा दार उघडलं अन् नाकासमोरून ट्रक गेला. तू आत झाली, पदर सावरला अन् म्हणाली, "हे दार कोनासाठी ठेवलं जी? ट्रकवाल्यासाठी?"

माघाच्या उन्हात पत्रा असा तापला की डब्यातला गूळ पाझरला. तू तो गूळ ताटलीत घेऊन माह्यासमोर उभी राहिली. "गुळाचं हे झालं. माहं काय होईन?" मी म्हटलं, पुढच्या वर्षी सुधारू.

पुढच्या वर्षी खालच्या फळ्या सडल्या. लाकूड पाहिजे होतं. लकडगंजात जाऊन सागवान पाहून आलो, हात लावून आलो, भाव ऐकून रिकामा परत आलो. आपल्या अंगणात भिंतीले टेकून तुह्या बाबाचा माग उभा होता.

आता ते लिहितो, जे आपण दोघं कधीच बोललो नाही.

तो माग उमरेडहून बैलबंडीत आला होता. बाबा गेल्यावर तुह्या दोन्ही भावांनी माग सोडला. एक गिरणीत लागला, एकानं पानठेला टाकला. वाटणीत तो माग कोणालेच नको होता, तू मागून घेतला. त्याच्यावर लुगडं चढलेलं होतं, अर्धं विणलेलं. बाबा अर्ध्यावर ठेवून गेले होते. तू म्हणायची, पडवीत जागा झाली की माग उभा करीन, लुगडं पुरं करीन. मी म्हणायचो, करशील. मीही मागावरच्याच घरचा. बापाच्या मागाची खटखट ऐकत मोठा झालो. पण मले मागाचा राग होता. त्यानं आमचं पोट भरलं नाही. तुले त्यात बाप दिसे, मले लाकूड दिसलं.

तू बहिणीच्या पोरीच्या डोहाळजेवणाले गेली होती. मी करवत काढली. दोन्ही बाजूचे खांब कापले. लुगडं मधात येत होतं, तर सुरी घेतली अन् धागे कापून तेही बाजूले केलं.

तू आली तेव्हा पिशवी हातातच होती. अंगणभर भुसा. तू वाकून चिमूटभर भुसा उचलला, वास घेतला. मी बोलत सुटलो. लाकूड किती कोरडं आहे, किती जुनं आहे, लकडगंजात असं मिळत नाही. तू लुगड्याचा तुकडा उचलला, झटकला, घडी केली. रडली नाही. भांडली असती तर मीही भांडलो असतो अन् मोकळा झालो असतो. तू पिशवी खाली ठेवली अन् म्हणाली, "आता कापलाच, तं पुरा कापा. पन कुठं कापाचं ते मी सांगन. एक तुकडाही मले इचारल्याबिगर हालवाचा नाई."

त्या दिवसापासून डब्बा तुहा. मी नुसता हात.

आधी दार डावीकडे नेलं. मग छपराच्या पत्र्याखाली तू बांबूचे तट्टे लावायले सांगितले, तट्टा अन् पत्रा यांच्यामधे चार बोटं मोकळी. मी म्हटलं, चार बोटं कायले वाया घालवतं? तू म्हणाली, "हवेले राहू द्या जागा, तिलेही घर लागते." दुपारी हात लावून पाहिला, तट्टा गार. मग खिडकीले वाळ्याची ताटी, अन् ताटीच्या वर एक डबा, त्याले खिळ्यानं भोकं पाडलेली. पाणी ठिबकत राहायचं अन् आत वाळ्याचा वास. चैत्रात एकदा एका गावचा पाटील पाच मिनिटं टेकतो म्हणून आत गेला अन् पाच वाजेपर्यंत निजला. त्याच्या घरचे लोक त्याले विहिरीत शोधून राहिले होते.

मागाच्या पायाखालच्या दोन पट्ट्या, त्यांची तू पायरी केली, कडीवर घडी होणारी. बाबाच्या पायानं त्या अशा गुळगुळीत झाल्या होत्या की अनवाणी पाय ठेवला तर गादीवर ठेवल्यासारखा वाटे. विणताना धागा घेऊन फिरणारा धोटा दाराले कडी म्हणून लावला. मी म्हटलं, लोखंडी कडी आहे ना माह्यापाशी. तू म्हणाली, "धोट्याले इकडून तिकडं जाची सवय आहे, तो अडकनार नाई." खरंच, इतकी वर्षं झाली, तो कधी अडकला नाही. माह्या लोखंडी कड्या पावसात गंजल्या.

ट्रेलरचा मागचा फाळका तू साखळ्या लावून आडवा पाडला अन् त्यावर स्टो ठेवला. म्हणे, आत सैपाक नाही, कपड्याले वास येते. अन् खाली बसूनही नाही, चिखल असते. तू उभ्यानं भाकरी थापायची. त्या काळी खेड्यात कोणी बाई उभ्यानं सैपाक करताना पाहिली नव्हती. आपण गावात शिरलो की बाया कडेवर पोट्टे घेऊन गोळा होत.

"अवं माय, उभ्यानं करते वं हे तं! भाकर उतरते कशी?"

तू तव्याकडे न पाहता म्हणायची, "भाकरीले कुठं मालूम मी बसली का उभी!"

एका सासूनं नाक मुरडलं. "अशानं लक्ष्मी राहत नाई घरात."

तू म्हणाली, "काकू, आमचं घरच राहत नाई एका जाग्यावर. लक्ष्मी येते आमच्या मागं मागं." तीच सासू पुढच्या वर्षी घरात ओटा बांधून बसली होती. तुले बोलावून उंची विचारली.

लुगड्याच्या तुकड्याचा तू पडदा केला, निजायची जागा अन् हत्यारांची जागा यांच्यामधे. खालच्या काठाले धागे लोंबतच ठेवले. मी किती वेळा म्हटलं, दुमडून टाका मार, पायात अडकन एखाद्या दिवशी. तू म्हणायची, "राहू द्या." एवढंच. मले कळत होतं, वेणू. मी ठोंब्या आहे, पण इतका नाही. तो पडदा रोज माह्या डोळ्यासमोर हलायचा. दोन शब्दांचं काम होतं. चुकलो म्हणायचं. मी त्याऐवजी तुह्यासाठी अजून एक खुंटी ठोकायचो, अजून एक फळी लावायचो. तू सांगितलेलं एकही काम मी कधी टाळलं नाही, त्याचं कारण हे होतं.

आता पलंग. पलंग तुही सगळ्यात मोठी करामत. दिवसा जागा मोकळी पाहिजे, रात्री दोघांले निजायले पाहिजे. तू म्हणाली, मागावर कापड कसं गुंडाळते? तसाच पलंग गुंडाळू. विणलेलं कापड गुंडाळायचा दांडा, त्याचं दातेरी चाक अन् दाताले अडवणारा खटका, हे सारं शाबूत होतं. एका भिंतीले दांडा बसवला. जाड दोसुती कापडाचे दोन पदर तू शिवले अन् दांड्याले गुंडाळले. निजायच्या वेळी दोसुती ओढून समोरच्या भिंतीच्या आकड्यांले अडकवायची, अन् दांडा फिरवून ताणायची. नगाऱ्यासारखी ताणली जायची. तुह्यामाह्या वजनानं तसूभर लवत नव्हती.

एकच भानगड. वर फळी होती म्हणून खटका उलटा बसवावा लागला. उलटा असल्यानं आपोआप दातात पडत नाही. एकानं सळाख घालून दांडा फिरवायचा अन् दुसऱ्यानं खटका बोटानं दाबून धरायचा. मी फिरवायचो, तू धरायची. रोज. "फिरवा. फिरवा जी. अजून एक दात. बस्स." रोजची तुही चार वाक्यं.

मले मिस्त्री म्हणून त्याची लाज वाटे. दोन माणसं लागणारा पलंग म्हणजे काय काम! एका इंजिनाच्या व्हॉल्व्हची जुनी स्प्रिंग मिळाली, बरोब्बर मापाची. म्हटलं, वेणू, दहा मिनिटाचं काम, ही लावतो, मंग मी एकटाच ताणीन, तुले उठायचं कामच नाही. तू स्प्रिंग माह्या हातातून घेतली.

"एकट्यानं जमन असं करू नका जी."

"काहून?"

"एकट्यानं जमलं तं मंग तुम्ही मले कायले नेसान?"

मी म्हटलं, "बयाड झाली काय?" तू स्प्रिंग फेकली नाही. पळी टांगतो त्या खुंटीच्या बाजूच्या खुंटीवर टांगून ठेवली, मले रोज दिसन अशी. तो वाद आपला दरवर्षी व्हायचा. दरवर्षी मी म्हणायचो लावतो, दरवर्षी तू म्हणायची खुंटीवरून काढून तं पाहा.

अन् एकदा तो साहेब आला. पाटबंधाऱ्याचा कोणी होता, कॅनॉलच्या कामावर. त्याले तंबूत राहून कंटाळा आला होता. डब्ब्याभोवती दोन चकरा मारल्या, पायरी घडी करून पाहिली, ताटीखाली हात धरला, फाळका उचलून पाहिला. मले म्हणाला, "कोणाची कल्पना ही?" तू फाळक्यापाशी उभी होती, हात पिठाचे. मी म्हटलं, "माहीच जी."

साहेबानं माह्या पाठीवर थाप मारली. कागदावर चित्र काढून घेऊन गेला. तू त्याले जेवायले वाढलं, तुहा रस्सा खाऊन त्याच्या नाकातून पाणी आलं, तो हसत गेला. संध्याकाळी मी दांडा फिरवायले घेतला तर तू खटका धरलाच नाही. हात बांधून उभी. "साहेबाले सांगाचं होतं ना," तू म्हणाली, "खटका कोन धरते ते." अन् हसली. हसली म्हणून मी समजलो, गेलं ते वाऱ्यावर. गेलं नव्हतं. माह्या आत तर गेलंच नाही. त्यानंतर गावोगाव हेच. मिस्त्रीनं काय डब्बा बनवला! मिस्त्रीचं डोकं पाहा! मी मान हलवायचो. तेरवीले हलवली तशीच.

यंदा दसऱ्याच्या आधी दवाखान्यात तू विचारलं, "यंदा जाचं ना जी?" तुहे गुडघे गेले होते, जीपचं इंजिन दोन वर्षांपासून उघडं पडलं होतं. मी म्हटलं, "पाहू." तुले हो म्हणायले माह्या बापाचं काय जात होतं? तेही राहिलं.

काल दिवाकर, आपला पोरगा, हिंगण्याच्या कंपनीतून येताना डब्बा विकत घेणाऱ्या एका माणसाले घेऊन आला. दिवाकरले हुडकेश्वरच्या आपल्या प्लॉटवर खोली वाढवायची आहे अन् डब्ब्यानं जागा अडवली आहे. पोरगा वाईट नाही. रोज मोटारसायकलवर एवढ्या दूर जातो, त्याले घर पाहिजे. गिऱ्हाईकही चांगला होता. रस्त्याच्या कामावरचा मुकादम, पन्नाशीचा, बायको नाही, साईटवर एकटाच राहणारा. त्यानं डब्बा पाहिला तसा कोणीच पाहिला नव्हता. तट्ट्यामागची चार बोटं त्याले सांगावी लागली नाहीत. धोटा इकडून तिकडं सरकवून हसला. पडद्याच्या धाग्यांले हात लावला नाही, नुसतं पाहिलं. मले वाटलं, द्यायचा तर याले द्यावा.

मग त्यानं पलंग ओढला. आकड्यांले अडकवला, सळाख घातली, फिरवली. सोडली की दांडा मागं. दोन-तीनदा केलं.

"बाबाजी, चीज जबरदस्त आहे. पन हे एकट्यानं नाई जमत काय?"

"नाही. दोन माणसं लागतात."

"मी तं एकटाच. याले एखादी स्प्रिंग लावून द्या ना. आत्ताच नेतो."

दिवाकरनं खुंटीवरची स्प्रिंग काढली. "हे घ्या, आहे ना. बाबा, दहा मिनिटाचं काम आहे."

"मले माहीत आहे किती मिनिटाचं आहे ते."

"मंग?"

मी त्याच्या हातातून स्प्रिंग घेतली. मापाची होती. आजही बरोब्बर मापाची. म्हटलं, "दिवाकर, हे ज्यानं बनवलं त्याले विचारल्याबिगर यातला तुकडा हलवायचा नाही, असं ठरलं आहे."

"तुम्हीच तं बनवला, बाबा."

"नाही गा. तुह्या आईनं बनवला. सारा. पायरीपासून पलंगापर्यंत. मी तं तिच्या बापाचा माग कापला, तिले न विचारता. माहं काम तेवढंच."

वेणू, पोरगा माह्या तोंडाकडे पाहत राहिला. वयाची पस्तिशी आली त्याची, त्याच डब्ब्यात रांगला तो, अन् त्याले हे माहीत नव्हतं. मी माहीत होऊ दिलं नव्हतं. तो खाली पायरीवर बसला. हातानं पायरीचं लाकूड चाचपत होता. मुकादमानं टोपी काढली अन् म्हणाला, "बाईची खोपडी होती बाप्पा!" मले इतका गर्व कधी वाटला नाही. साहेबानं थाप मारली तेव्हाही नाही. ते कौतुक चोरीचं होतं. हे तुहं होतं, अन् माह्या हातानं तुह्यापर्यंत पोहोचलं.

मुकादमाले मी हात जोडले, म्हटलं माफ करा. तो समजला, चहा घेऊन गेला. दिवाकर म्हणाला, खोली दुसऱ्या बाजूनं काढू. तो डब्बा कुठं ठेवायचा ते पाहून राहिला आहे. मंदानं पडद्याले टाके घालून देऊ काय विचारलं. म्हटलं, नको.

चुकलो, वेणू. विचारायचं होतं.

लिहिलं. आता पुढचं सांगतो. जीपचं इंजिन आज बांधायले घेतलं. दिवाळी झाली की निघतो. इंजिन दुरुस्तीचं काम आता होणार नाही, हात कापतो. पण ज्या ज्या गावात मी मान हलवली, त्या त्या गावात डब्बा उभा करीन, फाळका पाडीन अन् हे कागद वाचीन. त्या सासूच्या ओट्यापाशीही जाईन. साहेब कुठं आहे माहीत नाही, तो सापडला तर त्यालेही.

दिवाकर म्हणतो, बाबा, एकटे जाता, निजसाल कसे? पलंग ताणता येणार नाही.

बरोबर आहे. स्प्रिंग मी परत खुंटीवर टांगली आहे, पळीच्या बाजूले. लावणार नाही. दोन माणसांचा पलंग आहे, तो तसाच राहीन. खटका धरायले कोणी नाही तर दोसुती झोळीसारखी खाली लोंबन, अन् मी त्यात निजीन. पाठ दुखन. दुखू दे.